रोजच्यासाठी घेतलेला कॅमेरा

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. नेवाशाजवळ, प्रवरेच्या काठच्या एका गावात राधाकृष्ण आणि चांगुणाबाई राहतात. त्यांच्या ओसरीवरच्या खुंटीला मी लटकलेला असतो. माझ्या एका बाजूला छत्री आहे, दुसऱ्या बाजूला बॅटरी. माझं झाकण हरवलं आहे आणि ते कुणी शोधत नाही. खुंटीवरच्या वस्तूला मान वळवता येत नाही, त्यामुळे समोर जे येईल ते मुकाट बघायचं. मला डोळा आहे, पण हात नाही. माझं बटण मला दाबता येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकताना तुम्ही मला विचाराल, "मग तू काय करत होतास?" मी बघत होतो.

माझा जन्म दूरच्या देशातल्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. खूप हात होते, सगळ्यांवर पांढरे हातमोजे होते, आणि बोलत कुणीच नव्हतं. माझी खरी आठवण सुरू होते ती नगरच्या कापडबाजाराजवळच्या एका दुकानापासून. दुकान दत्तोपंतांचं. पूर्वी त्यांचा फोटो स्टुडिओ होता, त्यामुळे कॅमेऱ्याला ते यंत्र समजत नसत, माणूस समजत. मला त्यांनी खालच्या फळीवर ठेवलं होतं. वरच्या फळीवर लांबलचक नळ्यांचे, महागडे कॅमेरे होते. मी एन्ट्री लेव्हल डीएसएलआर, म्हणजे शिकाऊ माणसाचा. वरची मंडळी माझ्याकडे बघतसुद्धा नसत.

एके दिवशी हे कुटुंब दुकानात आलं. राधाकृष्ण पांढरी टोपी सावरत, चांगुणाबाई पदर डोक्यावर घेत, आणि मध्ये त्यांची मुलगी दिशा. बारावी झाली की कॅमेरा घेऊन द्यायचा, असं वडिलांनी कबूल केलं होतं.

राधाकृष्णांची नजर सरळ वरच्या फळीवर गेली. "ह्यो द्या. ह्यो तोफेवानी दिसतो."

दत्तोपंत हसले. "अहो, ती तोफ लग्नवाल्यांची. मला आधी सांगा, फोटो कशाचे काढायचेत?"

"रोजचे," दिशा म्हणाली. "आमच्या घराचे, शेताचे. म्हणजे, असंच. रोज काय चालतं त्याचे."

दत्तोपंतांनी मला खाली काढलं. "मग वजन बघायचं आधी. किती मेगापिक्सेल, किती लांबचं दिसतं, हे नंतर. जो कॅमेरा जड वाटतो, तो चार दिवसांनी घरी राहायला लागतो."

दिशाने मला गळ्यात घातलं. ती दुकानाच्या दारापर्यंत गेली, परत आली, वाकली, स्टुलावर चढली. मग म्हणाली, "हाच. हा घेऊन मी म्हशीमागंसुद्धा पळंन."

 चांगुणाबाईंनी लांबूनच विचारलं, "पडला तर फुटतो का ह्यो?"

"फुटतो," दत्तोपंत म्हणाले. "पण न वापरल्यानं जास्त बिघडतो, वहिनी. कपाटात कोंडू नका. उजेड मिळाला नाही की भिंगात बुरशी येते."

"बुरशी? लोनच्यावानी?" चांगुणाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. सगळेच हसले. मीही मनातल्या मनात हसलो. मला काय माहीत!

सुरुवातीचे ते महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. दिशाने मला शब्दशः कुठेही नेलं. तारेवरचे ओले कपडे, पाण्याच्या टाकीवर बसलेला कावळा, तोंड उघडं टाकून झोपलेले आण्णा, असलं सगळं मी टिपलं. राधाकृष्णांना सगळे आण्णाच म्हणत. एक दिवस त्यांनाही हुक्की आली. दिशाने शिकवलं, आणि पहिले दोन-चार दिवस ते नेमका नको तो डोळा मिटत राहिले. पण एकदा जमल्यावर त्यांनी मला सोडलंच नाही. बांधावर मी, गोठ्यात मी, पाण्याची मोटार चालू करायला जाताना मी. शेणाच्या पाटीचेही त्यांनी फोटो काढले. काढताना टोपी मागे सरकवायची आणि झाल्यावर पुढे ओढून नीट करायची, अशी त्यांची सवय होती.

घरामागे कांदे साठवायची चाळ होती. दुपारी चांगुणाबाई तिथे कांदे निवडायला बसायच्या. सडका वेगळा, मोड आलेला वेगळा, चांगला वेगळा. निवडता निवडता कांद्याची पातळ टरफलं उडायची आणि त्यांच्या केसांत जाऊन अडकायची. घरी आल्या की आण्णा ती एकेक करून उचलायचे आणि रोज एकच चेष्टा करायचे, "चांगुणे, अख्खी चाळ डोक्यावर घिऊन आलीस का?"

त्या दिवशी ते मला घेऊन चाळीतच गेले आणि तेच म्हणाले. चांगुणाबाईंनी मान वर केली. निम्मा राग, निम्मं हसू, केसांत लाल टरफलं, हातात कांदा. खटक. माझ्या आतला आरसा उडाला आणि फोटो निघाला. मित्रांनो, मी शिकाऊ असेन, पण तो फोटो वरच्या फळीवरच्या कुणालाही जमला नसता.

"अवो, असल्या अवतारात कुनी फोटू काढतं व्हय?" चांगुणाबाई ओरडल्या. "थांबा, मी साडी बदलून येते."

त्या खरंच गेल्या. भारी साडी नेसल्या, पावडर लावली, केस चापून बसवले, नाकात नथ घातली, आणि भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. हात खाली सरळ, चेहऱ्यावरची माशी हलेल तर शपथ. मी तोही फोटो काढला. दोन्ही एकाच बाईचे आहेत, हे परक्याला सांगूनही पटलं नसतं.

आमच्या भागात फोटो म्हटलं की माणूस आधी स्वतःला लपवतो आणि मग समोर येतो. यात त्यांचा दोष नाही. फोटो ही चांगली गोष्ट, तर तिच्यासमोर चांगलंच होऊन जायचं, इतकं ते साधं आहे.

पुढे खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा असते. विळे, खुरपी, कोयता, पाण्याची मोटार, शिलाई मशीन, सगळे धुऊन पुसून पाटावर बसले होते. त्यांच्यात मलाही मान मिळाला. मी अगदी फुगलो होतो. चांगुणाबाईंनी ओल्या हळदीकुंकवात बोट बुडवलं, माझ्याजवळ आल्या आणि थबकल्या. समोर माझं काळं झाकण होतं. झाकणाची पूजा कशी करायची, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी झाकण काढलं आणि माझ्या उघड्या भिंगावर मधोमध हळद लावली, तिच्यावर कुंकू लावलं आणि वरून अक्षता टाकल्या. मग हात जोडून म्हणाल्या, "पोरीचा डोळा हायेस. नीट बगत जा."

इतकं कुणी माझ्याशी कधी बोललं नव्हतं. पण मला सगळं जग तांबडं दिसत होतं आणि ओरडता येत नव्हतं. त्यांनी आरती संपल्यावर ते पदराने खसाखसा पुसलं. काचेवर बारीक ओरखडे उठले. कुंकवाचे कण नळीच्या फटीत गेले. आजही नळी फिरवली की आत कुरकुरतं.

 दिशाने फक्त मऊ फडक्याने काच पुन्हा पुन्हा पुसली. तेच चांगुणाबाईंच्या जिव्हारी लागलं. "माझ्या हातानं बिघडलं," त्या म्हणाल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला पिशवीत पिशवी, तिच्यावर आणखी एक पिशवी असं गुंडाळलं, सोबत डांबरगोळ्या टाकल्या आणि लोखंडी कपाटात नेऊन ठेवलं. "रोज उठून कशाला काढायचा? चांगल्या कामाला काढू." दिशा कॉलेजसाठी नगरला गेली. तिथे अभ्यास, मग माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी. येईल तेव्हा ती मोबाईलवर फोटो काढायची, तेही सणावाराचे. मी कपाटातच राहिलो.

चांगल्या कामाला मात्र मला काढायचे. बारसं, साखरपुडा, सत्कार. शेजारी आण्णांचे चुलतभाऊ गहिनीनाथ राहतात. त्यांच्या मुलीच्या, रेश्माच्या हळदीला ऐन मोक्याला माझं कार्ड भरलं. दिशा मांडवात कुठेतरी कामात होती. मला चालवणारे आण्णा होते आणि त्यांच्या खांद्यावरून गहिनीनाथ बघत होते.

"ह्यात हाय तरी काय? कांदं, शेनं, कावळं. पुसून टाक की."

आण्णा एकेक पुसत गेले. चाळीतल्या चांगुणाबाईंचा फोटो आला तेव्हा त्यांचा अंगठा थांबला. मी माझ्या परीने खूप प्रयत्न केला, मित्रांनो. बंद पडावं, बॅटरी संपावी, काहीही व्हावं. काहीच झालं नाही.

"आरं, वहिनी तर घरातच हायेत," गहिनीनाथ म्हणाले. "त्यांचा कवाबी काढ."

हे खरंच होतं. त्या घरातच होत्या. आण्णांनी बटण दाबलं. मला पुस म्हटलं की मी पुसतो, मला नाही म्हणता येत नाही. बघितलेलं सगळं मला आजही आठवतं, फक्त ते कुणाला दाखवता येत नाही. रेश्माचे हळदीचे फोटो मात्र छान आले.

मग मला पुन्हा कपाटात ठेवलं आणि या वेळी कुणी काढलंच नाही, कारण तोवर सगळ्यांच्या हातात चांगले मोबाईल आले होते. कपाटात दिसत काही नाही, पण ऐकू येतं. आधी आण्णा मोटारीच्या पेटीची किल्ली शोधताना ऐकू आले. मग चष्मा. मग ते मोटार चालू करायला निघाले आणि अर्ध्या वाटेवरून परत येऊन विचारू लागले, "मी कुटं चाललो हुतो?" चांगुणाबाई हसून सांगायच्या. पुढे पुढे हसायच्या नाहीत, नुसत्या सांगायच्या.

आणि एका संध्याकाळी आण्णांचा आवाज आला, अगदी आदबशीर, पाहुण्यांशी बोलतात तसा. "बाई, तुमी कुनाकडं आलात?"

 मग चांगुणाबाईंचा आवाज आला. "पानी आनते हां."

दिशा त्यांना नगरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. विसरण्याचा आजार आहे, पूर्ण बरा होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण रोजच्या माणसांचे, रोजच्या जागांचे फोटो दाखवत जा, धागा धरून ठेवायला मदत होते, असंही म्हणाले. त्यानंतर घरात सगळ्यांना एकच ध्यास लागला. आण्णांनी चांगुणाबाईंना ओळखावं. बाकी किल्ली, चष्मा, गाव, गेलं तर गेलं.

दिशाने आधी मोबाईलमधले फोटो दाखवले. आण्णांनी मोबाईल घेतला, कानाला लावला आणि म्हणाले, "हालो, कोन बोलतंय?" मग नात्यातल्या लग्नांचे अल्बम काढले. भिंतीला पाठ लावून, नथ घालून उभ्या असलेल्या चांगुणाबाईंवर बोट ठेवून दिशाने विचारलं, "आण्णा, ही कोण?"

आण्णांनी निरखून बघितलं. "कुनाच्या तरी लग्नातली बाई दिसती. मोठ्या घरची हाय."

तेव्हा दिशाला माझी आठवण झाली. कपाट उघडलं, पिशव्या सुटल्या, डांबरगोळ्यांचा वास ओसरीभर पसरला. बॅटरी चार्ज करून ती चाळीतला फोटो शोधू लागली. कार्डावर हळदीमागे हळद होती. ती शेवटपर्यंत गेली, परत पहिल्यापर्यंत आली आणि मला मांडीवर ठेवून बसून राहिली. तिला मी काय सांगणार? पुसणारे आण्णाच होते, हे तिला कळलं नाही ते एक बरं झालं.

त्याच वेळी आण्णा आतून आले. त्यांनी मला बघितलं आणि हात आपोआप डोक्याकडे गेला. टोपी आधी मागे सरकली, मग पुढे ओढून नीट झाली.

"आला का ह्यो?" ते म्हणाले. "लई दिवसांनी दिसला."

मला त्यांनी ओळखलं. चांगुणाबाई दारात उभ्या होत्या आणि त्यांनी ते ऐकलं. मी वस्तू आहे, मला लाज कशाची? पण त्या दिवशी मला खूप लाज वाटली.

दिशाने मला डोळ्याला लावलं आणि समोर सगळं धुकं होतं. दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन दत्तोपंतांकडे गेली. ते आता काठी घेऊन चालतात. त्यांनी मला उजेडासमोर धरलं.

"बुरशी," ते म्हणाले. "जाळं पडलंय आत. साफ करतो, पण सगळं जाणार नाही. फोटोला धूसरपणा राहील. नवा दाखवू का? आता हलके आणि बरेच चांगले आलेत."

दिशाने फळीकडे बघितलं. मीही बघितलं. माझ्या जुन्या जागेवर एक नवा बसला होता, स्वच्छ डोळ्याचा. मी तिच्या जागी असतो तर तोच घेतला असता.

"नको काका," दिशा म्हणाली. "आण्णा याला ओळखतात."

घरी आल्यावर ती थेट मागच्या चाळीत गेली. चांगुणाबाई कांदे निवडत होत्या. मला बघताच त्या गुडघ्यांवर हात टेकून उठायला लागल्या. "थांब गं, साडी बदलून येते."

"आई, त्या साडीतल्या तुला आण्णा ओळखत नाहीत."

चांगुणाबाई उठता उठता थांबल्या. मग पुन्हा खाली बसल्या आणि त्यांनी ढिगातला एक कांदा उचलला. "मंग काढ," त्या म्हणाल्या. "हाय तशीच काढ."

पण त्यांची मान काही वर होईना.  मग आण्णांच्या आवाजाची नक्कल करून दिशा म्हणाली, "चांगुणे, अख्खी चाळ डोक्यावर घिऊन आलीस का?"

त्यांनी वर बघितलं. हसू होतं आणि डोळे भरलेले होते. खटक.

फोटो धुरकट आला, चाळीत कुणी धूर केल्यासारखा. एका कडेला जुने ओरखडे उजेडात चमकले. पण टरफलं दिसत होती. दिशाने तो नेवाशाला मोठा छापून आणला.

फोटो दाखवायच्या दिवशी चांगुणाबाई सकाळपासून हरखलेल्या होत्या. त्यांनी न्हाऊन केस विंचरले, तेल लावलं, धुवट साडी नेसली आणि आण्णांच्या शेजारी सतरंजीवर येऊन बसल्या. दिशाने मला खुंटीला अडकवलं आणि फोटो आण्णांच्या हातात दिला.

आण्णा बघत राहिले. मग त्यांनी टोपी मागे सरकवली. इतक्या दिवसांत त्यांचा चेहरा मी असा बघितला नव्हता.

"ही आमची चांगुणा!" ते म्हणाले.

दिशाने तोंडावर हात दाबला. चांगुणाबाई पुढे सरकल्या. आण्णांनी फोटो त्यांच्यापुढे धरला आणि आनंदाने सांगू लागले, "हे बगा बाई. डोक्यात अख्खी चाळ घिऊन हिंडती. तुमी वळखता का हिला?"

चांगुणाबाईंनी फोटोकडे बघितलं, आण्णांकडे बघितलं.

"वळखते की," त्या म्हणाल्या. "तुमच्याच गावची हाय."

"कवाची चाळीत गेलीय. दिसली तर सांगा तिला. म्हनावं, जेवायचा थांबलोय."

"सांगते."

त्या उठून आत गेल्या. दिशा त्यांच्यामागे गेली. आण्णा फोटो मांडीवर घेऊन वाट बघत बसले.

मित्रांनो, कॅमेरा जपायला माझ्या घरच्यांनी काही कमी केलं नाही. माझी पूजा केली, तीन पिशव्यांत ठेवलं. एवढी माया माझ्या वाट्याला आली आणि तिनेच मी आंधळा झालो, हे कुणाला सांगू? तुम्ही कधी कॅमेरा घ्यायला गेलात तर मेगापिक्सेल विचारा, किंमत विचारा, सगळं विचारा. पण उद्या सकाळी यात कुणाला टिपणार, हेही स्वतःला विचारा. आणि ते माणूस "थांब, साडी बदलून येते" म्हणालं तर त्याला जाऊ देऊ नका. आम्हाला वापरा, झिजवा, पाडा. आम्ही फुटलो तर फुटलो.

त्या दिवसानंतर चांगुणाबाईंनी चाळीतून आल्यावर डोकं झटकणं सोडलं आहे. यंदाचा कांदा विकून झाला, तरी त्यांनी घरचा म्हणून एक ढीग मागे ठेवला आहे आणि तोच रोज निवडतात. मग तशाच येऊन आण्णांच्या शेजारी बसतात. बहुतेक वेळा आण्णा पाहुण्याला देतात तशी थोडी जागा करून देतात आणि फोटोकडे बघत राहतात. पण कधी कधी त्यांचा हात हळूच वर येतो, चांगुणाबाईंच्या केसांतलं एक टरफल उचलतो आणि थांबतो. त्या अजिबात हलत नाहीत. दिशा तेव्हा नगरला असते, घरात दुसरं कुणी नसतं. समोर मी असतो, डोळा उघडा, आणि माझं बटण दाबायला कुणीच नसतं.